जुन्या पीसीत पंचवीस हजार

‘पंचवीस हजार जमलेत, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?’ दहावी-बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न येतो आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा येतो. घ्यायचं ते कार्डच, हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. घरचा पीसी नेमका कुठे अडतो हे मात्र त्याने पाहिलेलं नसतं. दुकानदाराला ते कळायचा मार्गच नाही, कारण पीसी घरी आहे. म्हणून पैसे जमले असले तरी थांबा आणि एक संध्याकाळ आकडे बघण्यात घालवा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

उदाहरणादाखल २०१९-२०च्या सुमारास आपल्याकडे सर्रास असेंबल होणारा पीसी घेऊ. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड आणि कॅबिनेटसोबतच आलेला, कुणाचं नाव न ऐकलेला ‘४५० वॉट’चा एसएमपीएस. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते टाकलं की खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्ड किती टक्के राबतंय, प्रोसेसरचा प्रत्येक धागा किती राबतोय, किती मेमरी भरली, तापमान किती, सगळं दिसतं. आता या पीसीवर सायबरपंक २०७७ लावा. कार्ड ९८-९९ टक्क्यांना चिकटलेलं दिसेल. म्हणजे इथे कार्डच कमी पडतंय, यात वाद नाही. मग १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडून, सेटिंग खाली आणून व्हॅलोरंट लावा. गर्दीच्या चकमकीत कार्ड पूर्ण राबत नाही आणि फ्रेम तरीही घसरतात. प्रोसेसरचा एकूण आकडा ५० टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि इथेच लोक फसतात. २६००ला बारा धागे आहेत. त्यातले एकदोन पुरते भरले आणि बाकीचे निम्म्याहून कमी राबत राहिले, तरी सरासरी निम्मीच दिसणार. खात्री करायची तर रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या नाहीत तर अडचण प्रोसेसरची.

म्हणजे पीसी तोच, पण दोन खेळांत दोन वेगळी दुखणी. तुम्ही खेळता काय आणि मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, हे ठरल्याशिवाय पैसे कुठे लावायचे हे ठरू शकत नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि व्हॅलोरंट त्याहून कितीतरी वेगाने चालत असेल, तर त्या खेळासाठी आतलं काहीही बदलू नका. मॉनिटर बदला.

अडचण प्रोसेसरची निघाली तर हा पीसी घेणारा नशीबवान आहे. एएमडीने एएम४ सॉकेट वर्षानुवर्षं टिकवलं. २०१७ साली रायझन आले, आणि २०२२च्या एप्रिलमध्ये आलेला रायझन ५ ५६०० त्याच बी४५० बोर्डवर बसतो. बोर्ड नवा नको, रॅम नवी नको. फक्त आधी बोर्डाचं बायोस अद्ययावत करावं लागतं आणि तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा बसवून पाहिला आणि पडदा काळाच राहिला, अशी तक्रार बहुतेक वेळा या उलट्या क्रमामुळे होते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. बायोस लिहिलं जात असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. ज्यांच्या गावात दुपारी भारनियमन असतं त्यांनी हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करावं.

इंटेलची सहावी-सातवी पिढी असलेल्यांना हे सुख नाही. २०१७ साली आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटचं नाव एलजीए ११५१च राहिलं, पण जुन्या बोर्डवर ती चालेना. त्यामुळे आय५ ७४०० असलेला माणूस फार तर जुना आय७ ७७०० शोधतो. त्यात पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चार कोरचा प्रोसेसर आज अपुरा आहे आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत तो नाही. विंडोज १०चा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. अशा पीसीत मी फक्त पुढच्या पीसीतही नेता येतील अशाच वस्तू घेईन: कार्ड, एसएसडी, एसएमपीएस.

रॅमची गोष्ट छोटी आहे. एकच स्टिक असेल तर मेमरीचा निम्मा मार्ग बंद असतो. तशीच दुसरी टाकली की दोन्ही चॅनल चालू होतात आणि अडखळणं बरंच कमी होतं. बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे का, तेही बघा. ३२०० लिहिलेली स्टिक वर्षानुवर्षं २४००ने धावत असल्याचं टास्क मॅनेजरमध्ये दिसतं आणि ते दुरुस्त करायला पैसा लागत नाही. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप खेचून घेतल्या आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा क्रूशियल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जायचं म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम, तिन्ही नवं. पंचवीस हजारांच्या बजेटमध्ये ही उडी आज घेऊ नये. घरात असलेली डीडीआर४ सांभाळा.

आता कार्ड. या बजेटमध्ये मी आठ जीबीच्या खाली जाणार नाही. चार जीबी भरले की खेळ झटके देतो, मग कार्डाची ताकद कितीही असो. स्वस्त म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी सुचवलं जातं. त्याला चारच जीबी, शिवाय ते बोर्डाशी फक्त चार पीसीआय लेनने बोलतं. बी४५०सारख्या पीसीआय ३.० बोर्डवर ते आणखी मंदावतं. आर्क बी५८०ला १२ जीबी आहेत, किंमतही मोहात पाडणारी, पण २६००सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत त्याचे ड्रायव्हर अडखळतात, हे २०२५च्या जानेवारीत चाचण्यांमधून समोर आलं. जुनं जीटीएक्स १०६० किंवा १०७० कुणी देत असेल तर नको म्हणा. त्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२५च्या ऑक्टोबरनंतर थांबवले. शिवाय इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस हे खेळ रे ट्रेसिंग जमणाऱ्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. आरएक्स ६६०० किंवा १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०, यांच्या आसपास बघावं.

पण कार्ड हाती घेण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडा आणि एसएमपीएसच्या बाजूचं स्टिकर वाचा. या लेखातलं हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी मला चालेल. स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असतं. खाली बारीक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. समजा तिथे १८ आहे. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. आरएक्स ६६०० १३२ वॉटचं, रायझन ५ ५६०० भर कामात ७६ वॉटपर्यंत जातो. झाले २०८. पंखे आणि डिस्क अजून मोजलेच नाहीत, आणि कार्ड क्षणभर याहून जास्त ओढतं ते वेगळंच. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हाच आकडा चाळीसच्या वर असतो.

जीटीएक्स १६५० बहुतेक वेळा वेगळी वायर न मागता चालतं, त्यामुळे आतापर्यंत काही जाणवलेलं नसतं. नवं कार्ड आठ पिनांची वायर मागतं आणि जुन्या एसएमपीएसला ती नसते. मग दुकानात शंभर-दीडशेचा कन्व्हर्टर पुढे केला जातो. तो घेऊ नका. त्या बारीक मोलेक्स जोडांमधून एवढा प्रवाह गेला की ते तापतात, प्लास्टिक वितळतं. खेळताना पीसी अचानक बंद पडणं हे तर नेहमीचंच, आणि दोष मात्र बिचाऱ्या नव्या कार्डाला लागतो. ‘एटी प्लस’चा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो. जास्त व्होल्टेज आलं किंवा शॉर्ट झालं तर एसएमपीएस स्वतःला बंद करेल का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. ते संरक्षण आहे का हे विचारून, वॉरंटी पाच वर्षांची असलेला घ्यावा. आपल्याकडे व्होल्टेज ज्या तऱ्हेने वरखाली होतं, ते पाहता ही चैन नाही.

म्हणून या उदाहरणातल्या पीसीचा क्रम मी असा लावेन: पहिल्यांदा एसएमपीएस आणि रॅमची दुसरी स्टिक. सायबरपंकसारखे खेळ खेळणाऱ्याने उरलेल्यात कार्ड, व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याने प्रोसेसर. दोन्ही एकदम घ्यायचा अट्टहास केला की दोन्ही हलक्या प्रतीचे येतात आणि जुना एसएमपीएस तसाच राहतो.

लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या बाजारात सेकंडहँड कार्ड घेणार असाल, तर ते चालू पीसीत लावून पंधरा-वीस मिनिटं ताणून बघायला सांगा. तापमान आणि पंख्याचा आवाज बघा, डिस्प्लेचे सगळे पोर्ट तपासा. मूळ बिल मागा आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी किती उरली ते तिथेच पाहा. चालू करून दाखवायला विक्रेता तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.