दोष गर्दीचा की वाटेचा?

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात, रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर ३९ माणसे चिरडून मेली. साधूने नाणी उधळली, ती वेचण्यास लोक धावले व अनर्थ ओढवला, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे अपराधी कोण, तर चार नाण्यांसाठी वाकणारा गरीब यात्रेकरू! नाणी उधळली गेली असतील; पण मोकळ्या मैदानात उधळलेल्या नाण्यांनी माणसे मरत नाहीत, हे सोयिस्करपणे विसरले जाते.

गर्दीच्या हालचालीचे गणित आज पुरेसे विकसित झाले आहे. १९९५ साली डिर्क हेल्बिंग व पीटर मोल्नार यांनी मांडलेल्या प्रतिमानात प्रत्येक पादचारी आपल्या इष्ट स्थळाकडे ओढला जातो आणि शेजाऱ्यांपासून व भिंतींपासून दूर लोटला जातो. हेल्बिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याच मांडणीच्या आधारे दाखविले की, अरुंद दारापाशी घाई वाढली की अंगाला अंग घासून लोकांची कमान अडकते, आणि बाहेर पडण्याचा वेग उलट मंदावतो. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याचे निरीक्षण तर अधिक भयंकर आहे: चौरस मीटरमागे सुमारे सात माणसे झाली की जमाव द्रवासारखा हेलकावू लागतो. मग कोणाचाच आपल्या पावलांवर ताबा राहत नाही. लोक उभ्याउभ्या गुदमरतात. मागच्याला पुढे काय घडते आहे याचा पत्ताही नसतो. अशा वेळी ध्वनिक्षेपकावरून शिस्तीचे आवाहन करणे म्हणजे पुरात वाहणाऱ्याला नीट चालण्याचा उपदेश करणे होय.

या गणितात भाविकाचा अडाणीपणा कोठेच येत नाही. येते ती वाटेची रुंदी, समोरासमोर भिडणारे प्रवाह आणि मागून सोडल्या जाणाऱ्यांची संख्या. हे ठरविणारे हात यात्रेकरूचे नसतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जणांचा बळी गेला. तेथे कोणत्या साधूने नाणी उधळली होती?

आता २०२७ च्या पर्वस्नानांसाठी कॅमेरे व कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा गाजावाजा होत आहे. प्रयागराजलाही ही सामग्री होतीच. तरी २९ जानेवारी २०२५ रोजी, सरकारी आकड्यानुसारच, ३० भाविक दगावले. यंत्र माणसे मोजते; मागची वाट रोखण्याचा हुकूम मात्र अधिकाऱ्यालाच द्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक मार्गाची रुंदी, त्याची वहनक्षमता आणि ती ओलांडताच प्रवेश थांबविण्यास जबाबदार असलेला अधिकारी, हे सारे शासनाने पर्वापूर्वी जाहीर केले पाहिजे. तोवर नाशिकच्या कार्यकर्त्यांनी फीत घेऊन पंचवटीतील गल्ल्या स्वतः मोजाव्यात आणि ते आकडे चौकाचौकांत फलकांवर लिहावेत.