रिक्षाचं भाडं वाढलं, कोडमध्ये बदल कुठे करायचा?

१ फेब्रुवारी २०२५पासून ठाण्यासह मुंबई महानगरात रिक्षाचं किमान भाडं २३वरून २६ रुपये झालं. दर एकच बदलला, पण माजिवडा नाक्यावरच्या प्रत्येक रिक्षाचा मीटर वेगळा जुळवून घ्यावा लागला.

सी शिकून जावाकडे वळणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. सीमध्ये आपण विचारतो, ‘पुढची स्टेप काय?’ जावात आधी विचारायचं, ‘ही माहिती कोणाची?’ किती किलोमीटर झाले, हे त्या-त्या रिक्षाचं, म्हणजे ऑब्जेक्टचं. दर सगळ्यांचा एकच, म्हणून तो क्लासचा. तिथे ‘स्टॅटिक’ लिहा. तो प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये ठेवलात, तर क्लास वापरूनही एकेक मीटर उघडत बसाल.

म्हणून कोड लिहिण्याआधी कागदावर दोन रकाने करा: एकाचं काय, सगळ्यांचं काय.