तालीम पेठेची, मग पेठेतल्या मुलीची का नाही?

कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉल म्हणजे पेठेची इभ्रत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तिथल्या गाजलेल्या संघांची नावं, आणि ही सारी तालमींची नावं आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४-१९२२) आश्रयानं तिथं कुस्ती फोफावली, पेठोपेठी तालमी नांदू लागल्या. पुढं या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. शाहू स्टेडियमवर दोन पेठा भिडल्या की सगळं गाव लोटतं.

मी भिवंडी तालुक्यातल्या खारबावची. कोल्हापूर आमच्यापासून लांब. तरी या तालमींचा इतिहास आपण बायकांनी जरूर बघावा. त्यात खेळाडू आहेत, चषक आहेत, अटीतटीचे सामने आहेत. बाई मात्र क्वचितच दिसते.

तालीम चालते कशावर? पेठेच्या वर्गणीवर आणि पेठेच्या नावावर. वर्गणी ज्या घरातून जाते, त्या घरात बाई राबते. सरावाला निघालेल्या पोराला पहाटे उठून खायला कोण करून देतं? चिखलानं माखलेली जर्सी कोण धुतं? पाय मुरगळला तर शेक कोण देतं? मैदानावर हुल्लडबाजी झाली आणि पोलिसांनी पोरं उचलली, तर चौकीच्या दारात कोण उभं राहतं? या सगळ्याला ‘आईची माया’ म्हणतात. कामाला माया म्हटलं की त्याचा हिशोब ठेवावा लागत नाही!

कुणी म्हणेल, बायकांना फुटबॉलची आवडच नसते. इंग्लंडचं उदाहरण बघा. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमध्ये ‘डिक, कर लेडीज’ या कामगार बायकांच्या संघाचा सामना बघायला सुमारे ५३,००० माणसं जमली होती. वर्ष उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली. कारण दिलं, हा खेळ बायकांना योग्य नाही. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. आवड होती, गर्दी होती. मैदान काढून घेतलं गेलं.

आपल्याकडं असा कागद काढायची गरजच पडली नाही. संध्याकाळी मैदानावर मुलगे असतात. कडेला शिव्या चालू असतात, त्याही आईबहिणीवरून. आणि मुलीनं दिवेलागणीला घरात असायला हवं. झाली बंदी!

तरीही मुली खेळत आल्या. १९७५ साली भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. १९८० मध्ये कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या बायकांचा संघ उपविजेता ठरला. २०१९ साली लुधियान्याला झालेल्या इंडियन वुमेन्स लीगमध्ये ‘एफसी कोल्हापूर सिटी’ हा संघ उतरला. शहराचं नाव मुलींनी मैदानात नेलं. ज्या तालमीच्या नावानं पेठ जीव टाकते, त्या नावावरही मुलीचा तितकाच हक्क आहे.

म्हणून मुलींना एखादा संघ ‘काढून देणं’ मला पुरेसं वाटत नाही. उपकार केव्हाही परत घेता येतो. मैदानावर मुलींचे ठरलेले दिवस आणि वेळ हवी. कार्यकारिणीत बायका हव्यात. कपडे बदलायला खोली आणि संडास हवा. वर्गणीतला वाटा मुलींच्या संघालाही हवा.

हा प्रश्न कोल्हापूरपुरता नाही. आमच्या तालुक्यात शेतजमिनींवर गोदामं उभी राहत गेली, मोकळी जागा आटत गेली. जागा आटली की पहिल्यांदा मुली घरात ढकलल्या जातात. तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या गावात, वस्तीत दोन कामं करू या. आठवडाभर संध्याकाळी मैदानावर कोण असतं, मुली किती आणि मुलगे किती, ते रोज लिहून काढू आणि तो कागद ग्रामसभेत, मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवू. दुसरं, वयस्कर बायकांना विचारू, की मंडळासाठी, संघासाठी तुम्ही काय काय केलंत? त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेऊ. तेवढं लिहिल्याशिवाय कुठल्याच तालमीचा इतिहास पुरा होत नाही.