स्वतःचा धंदा असलेला मुख्यमंत्री

निवडणूक आली की एक युक्तिवाद हमखास कानावर येतो. ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याला खायची गरज नाही, आणि वर तो कायदा शिकलेला असेल तर सोन्याहून पिवळे. प्रचारपत्रकात उमेदवाराच्या नावाखाली ‘यशस्वी उद्योजक’ आणि ‘बी.ए., एलएल.बी.’ ठळक टाइपात छापले जाते ते याच भरवशावर. हा भरवसा तपासायला परराज्यात जायला नको. मार्च १९९५ ते जानेवारी १९९९ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते मनोहर जोशी, एम.ए., एलएल.बी. आणि कोहिनूर या उद्योगाचे संस्थापक. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांतून त्यांच्या कष्टांची आणि वक्तशीरपणाची आठवण निघाली, आणि ती रास्तही होती. पण त्यांच्या कारकिर्दीने या भरवशाचे काय केले, हा प्रश्न शोकसभेत विचारण्यासारखा नव्हता. आता विचारायला हरकत नाही.

आधी जमेची बाजू, कारण ती छोटी नाही. रायगडातल्या नांदवी गावचा, माधुकरी मागून शिकलेला हा मुलगा मुंबईत आला, महापालिकेत कारकुनी केली आणि १९६१ मध्ये दादरला त्याने कोहिनूर क्लासेस काढले. पदवीपर्यंत न पोचणाऱ्या मराठी मुलांना वीजकाम, नळकाम, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती असे हाताला काम देणारे शिक्षण त्यांनी दिले आणि त्यावर नफाही कमावला. नोकऱ्यांसाठी मोर्चे काढणाऱ्या शिवसेनेत पोराला धंद्याचे कसब शिकवणारा माणूस असणे, हा त्या पक्षाच्या इतिहासातला एक दुर्लक्षित तपशील आहे. शाखेतल्या भाषेला सभागृहाच्या नियमांत बसवणारा माणूसही पक्षाला हवाच होता. जोशी १९७२ पासून सतरा वर्षे विधान परिषदेत होते, १९७६-७७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेते. २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा नियमावली आणि हजरजबाबीपणा यांवर त्यांनी ते निभावले. माझ्या मते त्यांच्या शिक्षणाला सर्वांत शोभलेले पद तेच.

राज्य चालवताना मात्र हिशेब वेगळा निघतो. त्यांच्या शिवसेना-भाजप युती सरकारची झोपडपट्टी पुनर्वसन योजना घ्या. झोपडीवासीयाला २२५ चौरस फुटांचे फुकट घर, आणि त्याचा खर्च बिल्डरने त्याच जमिनीवरच्या वाढीव चटईक्षेत्राच्या विक्रीतून काढायचा. सरकारच्या तिजोरीला हात न लावता कल्याणकारी काम, असा हा व्यापारी डोक्याला पटणारा हिशेब होता. तो अफझुलपूरकर समितीने मांडला, घोषणा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरेंची आणि अंमल जोशींच्या सरकारचा. उद्दिष्ट होते ४० लाख लोकांचे. प्रत्यक्षात सरकारची मुदत संपेपर्यंत त्याच्या आसपासही कोणी फिरकले नाही, कारण जागेचे भाव पडले की बिल्डर गायब होतो, हे त्या हिशेबात धरलेलेच नव्हते. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचेही तेच. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत सत्तेत आलेल्या सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द केला आणि जानेवारी १९९६ मध्ये नव्या अटींवर मंजूर केला. दर खाली आणल्याचे सांगितले गेले, पण त्याच दमात दुसरा टप्पाही गळ्यात बांधून घेतला. २००१ पर्यंत वीज मंडळाला ती वीज परवडेनाशी झाली आणि प्रकल्प बंद पडला. धंद्यातला माणूस सौदा चांगला करतो म्हणावे, तर महाराष्ट्राचा सर्वांत महागडा सौदा अशाच माणसाच्या सहीने पक्का झाला.

यावर कोणी म्हणेल, रिमोट कंट्रोल मातोश्रीवर, म्हणजे ठाकरेंच्या घरी होता; जोशींना का मोजता? आक्षेप खरा आहे. रिमोट आपल्या हाती असल्याचे ठाकरे स्वतःच उघडपणे सांगत. पण हा आक्षेप त्या मूळ भरवशालाच सुरुंग लावतो. धंदा असलेला माणूस कोणाचा मिंधा नसतो, हेच तर आपण गृहीत धरले होते ना? जोशींना पोटासाठी पद नको होते, तरीही जानेवारी १९९९ मध्ये पक्षप्रमुखांनी सांगताच त्यांनी राजीनामा दिला आणि नारायण राणे त्या खुर्चीत बसले. स्वतःचा पैसा माणसाला बाजारात स्वतंत्र करत असेल. ज्या पक्षात सगळी पदे एकाच घरातून वाटली जातात तिथे तो पैसा कामाचा नाही.

आणि एका प्रकरणात रिमोटची सबबही चालत नाही. पुण्यात प्रभात रस्त्यावर प्राथमिक शाळेसाठी आरक्षित असलेला एक भूखंड होता. असे आरक्षण विकास आराखड्यात असते. ते उठवायचे किंवा हलवायचे तर महापालिकेचा अभिप्राय, हरकती-सूचना आणि शेवटी नगरविकास खात्याची मंजुरी अशा पायऱ्या चढाव्या लागतात. नगरविकास खाते आपल्याकडे बहुधा मुख्यमंत्री सोडत नाहीत, जोशींनीही सोडले नव्हते. १९९६ मध्ये या जागेवरचे आरक्षण हलले आणि तिथे बहुमजली इमारत उभी राहिली. विकासक होते मुख्यमंत्र्यांचे जावई. प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेले. मार्च १९९९ मध्ये न्यायालयाने आरक्षणातला बदल आणि बांधकाम परवानगी बेकायदा ठरवली, सरकारी यंत्रणेवर ताशेरे ओढले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल बेकायदाच मानला. कायद्याची पदवी इथे उपयोगी पडायला हवी होती. नात्यातल्या माणसाची फाइल आपल्याच खात्यात आली की ती दुसऱ्याकडे द्यावी, एवढे कळायला तशी पदवीही लागत नाही.

कोणत्याही फौजदारी न्यायालयाने जोशींना दोषी ठरवले नाही, हे नोंदवायलाच हवे. पण मंत्र्याला मोजण्याचे माप ‘शिक्षा झाली का’ एवढेच असेल, तर ज्याला फाइल कशी फिरवावी हे कळते तोच नेहमी सुटेल. मतदार धडा शिकवील असे म्हणावे, तर उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सहा-सात महिन्यांतच जोशी मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि वाजपेयी मंत्रिमंडळात अवजड उद्योगमंत्री झाले. मतदाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो पक्ष, युती, समोरचा उमेदवार असे सगळे एकदम तोलतो. पुण्यातल्या एका भूखंडासाठी तो दादरचे मत बदलत नाही.

म्हणून काम नियमांचे आहे, आणि नियम मुळातच सैल आहेत. मंत्र्यांची केंद्रीय आचारसंहिता १९६४ पासून आहे. ती मंत्र्याला धंद्याशी संबंध तोडायला सांगते, पण मालकी पतिपत्नी सोडून घरातल्या सज्ञान नातेवाइकाकडे सोपवण्याची मुभाही देते. म्हणजे मुलगा किंवा जावई ही पळवाट संहितेनेच दाखवून ठेवली आहे. संहिता मोडल्यास कायद्याने शिक्षा नाही. राज्यातल्या मंत्र्यांनी ती पाळावी हे पाहायचे मुख्यमंत्र्यांनी, आणि मुख्यमंत्र्यांकडे पाहायचे पंतप्रधानांनी आणि केंद्रीय गृहमंत्र्यांनी. उमेदवारांची संपत्तीची प्रतिज्ञापत्रे २००३ च्या निवडणुकांपासून रुळली खरी, पण त्यांतही स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेले सदस्य एवढेच येतात. कमावता मुलगा नाही, जावई नाही, भावाची कंपनी नाही.

नियम कडक केले तर उद्योजक राजकारणात येणारच नाहीत, अशी भीती घातली जाते. मला ती पटत नाही. धंदा सोडा असे कोणी म्हणत नाही. ज्या खात्याच्या सहीने आपल्या माणसाच्या जमिनीचा भाव वाढतो, त्या फाइलपासून दूर राहा एवढेच मागणे आहे. मंत्र्याने शपथ घेतल्यापासून ठरावीक दिवसांत स्वतःचे, मुलांचे, जावई-सुनांचे आणि भावंडांचे व्यावसायिक हितसंबंध विधिमंडळासमोर ठेवावेत. त्यांपैकी कोणाचा अर्ज त्याच्या खात्यात आला तर तो दुसऱ्या मंत्र्याकडे जावा, आणि तो का गेला याची नोंद त्याच फाइलवर व्हावी, अर्ज केल्यावर कोणालाही वाचता येईल अशी.