घर बघायला जाताना ओळंबा सोबत घ्या

घर विकत घेताना दोन तपासण्या होतात. एक आपण घराची करतो, दुसरी घरमालक आपली करतो. माझा अनुभव असा की दुसरी अगदी कसून होते आणि पहिली बऱ्याचदा होतच नाही.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावासाठी कल्याणला एक जुना वन बीएचके बघायला गेलो. मालकांनी दारातच आडनाव विचारले. त्यावरून नीट अंदाज येईना, तेव्हा मूळ गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, नॉनव्हेज खाता का, असे एकेक सुरू झाले. भाऊ शाळेतल्या मुलासारखा उत्तरे देत होता. पाच मिनिटांत तो इतका दडपला की एक नळसुद्धा सोडून पाहिला नाही. खाली उतरल्यावर म्हणाला, "ताई, देतायत ना, मग घेऊन टाकू."

हे 'देतायत ना' मला फार लागले. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणारा माणूस दान मिळाल्यासारखा बोलतो! परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला घर मिळाले नाही, ही आठवण आपल्या रक्तात आहे. म्हणून कोणी दार उघडले की आपल्याला उपकार वाटतात, आणि उपकार करणाऱ्याच्या भिंतीवर टिचकी कशी मारायची? पण त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत आपल्या ग्रंथांसाठी 'राजगृह' उभे केले, हेही आठवायला हवे.

समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. ज्यांच्या तीन पिढ्या घरे घेत आल्या, त्यांचा एक काका वकील असतो, एक मावसभाऊ इंजिनिअर असतो. आमच्या आईवडिलांनी आयुष्य भाड्याच्या खोलीत काढले, खरेदीखत कसे दिसते हे त्यांना ठाऊक नव्हते. एम.ए.ला हे वाचताना मला ते पूर्ण पटले होते. एक गोष्ट मात्र तेव्हा सुचली नाही. आमचा मामा चाळीस वर्षे गवंडी होता.

दुसऱ्या खेपेला त्याला नेले. मामाने आधी फ्लॅट पाहिलाच नाही. तो पार्किंगमध्ये गेला आणि कॉलमभोवती फिरला. एका कॉलमला उभी चीर होती, तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ आलेला. "आतली सळई फुगलीय," तो म्हणाला, "वरून सिमेंट थापून हे थांबत नाही." मग गच्ची. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना विनंती करून त्यांच्या बाथरूमचे छत पाहिले, कारण आपल्या मोरीची गळती आपल्याला दिसत नाही, खालच्याला दिसते. फ्लॅटमध्ये शिरल्यावर त्याने फरशा बोटाने वाजवल्या. चार ठिकाणी पोकळ आवाज आला. बेडरूमचा एकच कोपरा ताजा रंगवलेला होता. "बाकीच्या भिंती जुन्या आणि हाच कोपरा नवा कसा, साहेब?" मालकांनी उत्तर दिले नाही. कपाट सरकवल्यावर मागे पोपडे आणि पांढरा खार. खिशातून ओळंबा काढून त्याने खिडकीजवळची भिंतही पाहिली. ती सरळ होती, तेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

ही शहरे ज्यांनी बांधली त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. मजूर नाक्यावर उभे राहिले, पाट्या वाहिल्या, स्लॅब टाकले. घर बांधायला जे हात चालले, ते घर तपासायला का नकोत?

अर्थात, डोळ्यांना दिसते तेवढेच अशा पाहणीत कळते. भिंतीतले पाइप आणि पायातले काँक्रीट मामालाही दिसत नाही. शंका आली की स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन बोलवावे. आणि सोसायटीकडे ऑडिटचा अहवाल मागावा: आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट अपेक्षित आहे. "बँकेने पास केलेय, मग काळजी कसली" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बँकेचा माणूस बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो. तुमच्या स्वयंपाकघरात ओल येईल का, हा त्याचा विषय नाही.

कागदांचेही तेच. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर महारेराचा नंबर मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. म्हणजे रेरा नंबर असला तरी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेत जाऊन पडताळावे लागते. नवा फ्लॅट असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असे रेरा कायदा सांगतो. त्यासाठी फोटो आणि लेखी तक्रार हवी, तोंडी भांडण नको.

आपल्यातही काही जण हल्ली आधी ईशान्य दिशा कुठे ते विचारतात. परित्राण पाठाची तारीख ठरते, पण ड्रेनेजचे झाकण कोणी उघडून पाहत नाही. बुद्धाने तपासून घ्या म्हटले होते, ते घराच्या बाबतीतही खरे धरायला हरकत नव्हती.

राहिली आपली तपासणी. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोरोअॅस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला, आणि तो निर्णय मला आजही पचलेला नाही. पण बहुतेक सोसायट्यांत असा उपविधीच नसतो. असते ती सेक्रेटरीची भुवई. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरासाठी सोसायटीची एनओसी बंधनकारक नाही आणि सदस्यत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार आला तर कारण लेखी मागा. भुवईला कागदावर कारण लिहिता येत नाही.

तो फ्लॅट आम्ही सोडला. ऑडिट मागितल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "आजवर कोणी मागितले नाही." पुढच्या रविवारी अंबरनाथला एक बघायचा आहे. मामाने सांगितलेय, टॉर्च आण, आणि पाऊस पडत असला तर बरेच.