दादा विकले गेले नाहीत




दादा कोंडके उतारवयात विकले गेले, हे गेल्या अंकातल्या पत्रातलं मत मला अजिबात पटलं नाही. राष्ट्र सेवादलाच्या कलापथकात घडलेला माणूस पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावर गेला, हे खरं. पण १९७१ साली ‘सोंगाड्या’ला दादरमध्ये थिएटर मिळेना, तेव्हा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरेच पाठीशी उभे राहिले. ते ऋण मानण्याला विक्री कसं म्हणायचं?

दादांचं मूळ गाव इंगवली, आमच्या शेजारच्या भोर तालुक्यातलं. वेल्ह्याकडच्या एका जत्रेत, तंबूत पोत्यावर बसून मी ‘सोंगाड्या’ पाहिला. दादांच्या चड्डीची ती लोंबणारी नाडी दिसली की माझी आजी तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. चावटपणा तिला कळत होता, आणि तो तिच्याच बोलीतला होता.

दादांच्या विनोदाची धार पुढे बोथट झाली, हे मात्र मान्य. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात तो विनोद राजाला नि कोतवालाला झोंबायचा; ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’सारख्या हिंदी सिनेमात झोंबायला कुणी उरलंच नाही. हिंदीत त्यांचं गाव हरवलं. त्याला विकलं जाणं म्हणू नका.

आपला,
एक वाचक, वेल्हे