आधी वासराचा कान, मग डब्यावरचा लोगो



शहापूर-मुरबाडकडचे जे तरुण दूधधंद्यात उतरू पाहतायत, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "सर, ब्रँडचं नाव काय ठेवू? लोगो कुठून करून घेऊ?" गावरान तूप, घरचं दूध, डब्यावर गाईचं चित्र, सगळं डोक्यात तयार असतं. मी उलटं विचारतो, गोठ्यात वासरं किती? त्यांच्या कानात बिल्ला आहे का? कुठली कालवड कुठल्या गाईची, हे कुठं लिहून ठेवलंय का? इथं बोलणं थांबतं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या वासराला नंबर नाही आणि नंबराला वही नाही, त्यानं लोगोवर एक रुपयासुद्धा घालू नये.

ब्रँड हा शब्द आला कुठून, ते बघा. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ जळतं लाकूड. त्यावरून जनावराला तापल्या लोखंडानं दिलेला डाग म्हणजे ब्रँड, आणि मग मालावरची खूण म्हणजे ब्रँड. अमेरिकेत हजारो एकरांच्या कुरणात सगळ्यांची गुरं एकत्र चरायची. दरवर्षी वासरं गोळा करून प्रत्येक घराणं आपापला डाग मारायचं. टेक्सासमध्ये सॅम्युएल मॅव्हरिक नावाच्या गृहस्थानं आपल्या गुरांना डागच दिला नाही. पुढं बिनडागाचं वासरू दिसलं की त्याला त्याचंच आडनाव पडलं, आणि ज्याच्या हाती ते आधी लागेल तो आपला डाग मारून मोकळा! म्हणजे ब्रँडचं पहिलं काम मालकी आणि ओळख सिद्ध करणं. जाहिरात फार नंतर आली.

आपल्याकडं एवढी कुरणं नाहीत. दावणीला चार-सहा जनावरं, घरातलं प्रत्येक माणूस त्यांना नावानं ओळखतं. म्हणून लोक म्हणतात, "आमच्या गंगीला नंबर कशाला?" बरोबर आहे, तुम्हाला नको. पण बँकेचा साहेब गंगीला ओळखत नाही. विमा कंपनी ओळखत नाही. दुसऱ्या तालुक्यातला गिऱ्हाईकही ओळखत नाही. धंदा म्हणजे अनोळखी माणसाशी व्यवहार. तिथं नंबरच बोलतो.

आपला डाग म्हणजे कानातला पिवळा बिल्ला. त्यावर १२ आकडी नंबर असतो आणि तो देशात एकाच जनावराचा असतो. त्या नंबरावर सरकारच्या भारत पशुधन प्रणालीत जनावराची जात, वय, मालक, लसी अशी नोंद होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही, असा नियम आहे. वीज पडून, पुरात किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर भरपाईलाही बिल्ला लागतो. तानसा-भातसाच्या जंगलपट्ट्यात ज्याचा गोठा आहे, त्याला बिबट्या म्हणजे काय ते मी सांगायला नको. रात्रीत कालवड गेली आणि कानात काही नाही, तर ती तुमची होती हे सिद्ध कसं करणार? विम्याचंही तसंच, बिल्ला नाही तर क्लेम नाही. २०२४ च्या सुरुवातीला गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान आलं, तेव्हाही बिल्ल्याची नोंद मागितली होती.

आता दुसरी बाजू. बिल्ल्याबद्दल लोकांची नाराजी खोटी नाही. नीट न मारलेला बिल्ला कान फाडतो. पावसात जखम चिघळते, माश्या बसतात, आळ्या पडतात. झुडपात अडकून बिल्ला तुटतो. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावर डॉक्टर वेळेवर पोचेलच असं नाही. हे सगळं मान्य. पण यावर उपाय बिल्ला टाळणं नाही, तो नीट मारून घेणं आहे. आपल्याकडचा पाऊस बघता वासराला थंडीत बिल्ला मारून घ्या. कानाच्या मधोमध, शिरा चुकवून. जखम कोरडी होईपर्यंत रोज बघा, औषध लावा. तुटला तर दवाखान्यात कळवा, आणि विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवा. नवा नंबर कागदावर आला नाही, तर विमा असून नसल्यासारखा.

आणि वासरू लहान असतानाच का? कालवडीला ४ ते ८ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची लस द्यायची असते. आयुष्यात एकदाच. ते वय गेलं की संधी गेली. बिल्ला त्याच सुमारास झाला की लसीची नोंद नंबरावर चढते. उद्या तुम्ही कालवड विकाल तेव्हा "लस दिलीय हो" हे सांगावं लागत नाही, दाखवता येतं.

पण आता खरी गोष्ट ऐका. बिल्ला तुमचा ब्रँड नाही. तो सगळ्यांकडं सारखाच पिवळा आहे. बिल्ला म्हणजे फक्त दार. आत काय आहे, ते तुमची वही सांगते.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला लोक येतात, आणि गुरांचा मोठा बाजार भरतो. आपल्याकडच्या बाजारात व्यवहार कसा होतो? दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचं, मग दलाल मधे. तुमच्या जनावराची किंमत तिसराच माणूस ठरवतो, कारण माहिती त्याच्याकडं असते. समजा दोन कालवडी शेजारी उभ्या आहेत, दिसायला सारख्या. एकीचा मालक म्हणतो, "हिची आई दुधाला चांगली होती." दुसरा वही उघडतो. आईचं वेताचं दूध, कुठल्या वळूच्या कांडीनं भरली ती तारीख आणि कांडीवरचा नंबर, जन्मतारीख, लसी. गिऱ्हाईक कुणाकडं थांबेल? हा दुसरा माणूस ब्रँड आहे. त्याच्याकडं लोगो नसला तरी!

हेच डांगीला लागू आहे. मुसळधार पावसात टिकणारी, तेलकट कातडीची ही आपल्या सह्याद्रीतली गाय. सगळेच आपली गाय अस्सल डांगी सांगतात. पण आई-बापाची नोंद असलेली किती? नोंद ठेवणाऱ्याला उद्या पैदाशीची जनावरं विकता येतील. बाकीचे नुसतं दूध विकत राहतील, डेअरी देईल त्या भावानं.

आणि तुपाचा डबा? तोही इथूनच सुरू होतो. "आमच्याच गाईंचं तूप" असं लेबल लावाल, तर ठाणे-कल्याणचं गिऱ्हाईक एक दिवस विचारणारच, किती गाई, किती दूध, एवढं तूप आलं कुठून? वही असेल तर उत्तर तयार. नसेल तर लेबल म्हणजे नुसता दावा. दावा कुणीही छापतो.

म्हणून काम सोपं आहे, आजच करा. शंभर पानी वही घ्या. एका जनावराला दोन पानं. वर बिल्ल्याचा नंबर, खाली आई, बाप किंवा कांडीचा नंबर, जन्म, लस, आजार, रोजचं दूध. बिल्ला नसलेल्या वासरांची यादी करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. वही घरातल्या ज्या बाईच्या हातून धारा निघतात तिच्याकडं असू द्या. खरी माहिती तिलाच असते, आणि धंद्यात तिचं नावही लागायला हवं.

सहा महिने वही चालवा. मग लोगोचं बोलू.